रोझिनाचा पट्टा

सावो बेट, ४ मार्च

रोझिना,

तू फोन उचलत नाहीस. तुझी पोरगी जोसेलिनही उचलत नाही. म्हणजे नंबर बरोबर आहे. चुकीच्या नंबरवर कुणीतरी "कोण पाहिजे" एवढं तरी विचारतं. म्हणून वहीचं पान फाडून लिहिते आहे. मी तिसरीपर्यंतच शिकले हे तुला माहीत आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस. हसलीस तरी नोरोहून मला ऐकू येणार नाही.

खुशाली विचारत नाही. मासळीच्या कारखान्यात दिवसभर उभी असतेस, पोरगी तुझ्या डोक्याच्या वर गेली, हे सगळं बोटीवरून येणारे न विचारता सांगतात. कामाचं तेवढं लिहिते.

ईस्टरनंतरच्या रविवारी मामाने बैठक बोलावली आहे. तुझ्या पट्ट्याचं काय करायचं ते त्या दिवशी ठरणार. रीत तुला ठाऊक आहे. बाईचा हात सहा वर्षं वाळूत गेला नाही तर तिचा वाळूतली अंडी काढायचा पट्टा घराण्याकडे परत, आणि घराण्याने तो जवळच्या बाईला द्यायचा. जवळची बाई म्हणजे मी. मी मागितलेला नाही. पण देतील तर नाही कशाला म्हणू? आपल्याच आईने वाटून दिलेली जमीन आहे.

तुझ्या पट्ट्यावर मी कुणाला पाय ठेवू दिलेला नाही. एकालाही नाही. झावळ्यांचा कूड दर वर्षी नवा बांधते. तुझ्यावर उपकार म्हणून नाही, कूड पडला की डुकरं आधी तुझ्याकडे आणि मग माझ्याकडे शिरतात. सहा वर्षं कुणी अंडं काढलं नाही, त्यामुळे तिथे पक्ष्यांची जत्रा भरते. सकाळी वाळू उकरायला एवढे उतरतात की एकमेकांच्या पाठीवर वाळू उडवतात. मोठमोठ्या पायांचे, बिनशेपटीचे, भांडखोर. अंडं गरम वाळूत पुरायचं, उबवायचं काम डोंगराच्या गरमीवर टाकायचं आणि मागे वळून न बघता जंगलात निघून जायचं. अशी आई मी दुसरी पाहिली नाही.

शेजारची एल्वीना परवा कूड बांधताना मला म्हणाली, "नेस्टा, बहिणीला हाकललंस आणि आता तिच्या कोंबड्यांची राखण करतेस होय?"

मी म्हटलं, "तुझ्या जिभेची पण करते. आण बांधून देते."

सहा वर्षांपूर्वीच्या त्या ईस्टरला चर्चच्या अंगणात मी जे बोलले ते बोलले. तू मंत्र घालून चुना लावलेलं पान माझ्या हद्दीत पुरलंस आणि माझे पक्षी ओढून नेलेस, असं म्हणाले. माझ्या एवढ्या मोठ्या पट्ट्यात एक अंडं नाही, आणि ओढ्याकाठच्या तुझ्या चिंचोळ्या पट्टीत रोज तीस-चाळीस. कुणीही तेच म्हणालं असतं. लोकांनी तुझी अंडी घेणं बंद केलं, सणाला तुझं कसावाचं पुडिंग पानांसकट परत आलं, ते मी लोकांना सांगितलं नव्हतं. ते पुन्हा उकरायला हे पत्र नाही.

यायचं असेल तर ये. नाहीतर जोसेलिनला पाठव. तिने एकदा हात घातला तरी पट्टा तुमचा राहील. नसेल यायचं तर नंतर मला बोल लावू नकोस.

आणखी एक. होनियाराहून सरकारी माणूस येतोय, डोंगराची गरमी मोजायला. डोंगराच्या तोंडापर्यंत न चुकता कोण नेईल असं त्याने बंदरावर विचारलं. पाच पुरुष उभे होते. पाचांनी माझं नाव सांगितलं. लिहायचं म्हणून लिहिलं.

नेस्टा


सावो, १९ मार्च

रोझिना,

उत्तर नाही. ठीक.

तो सरकारी माणूस आला आणि गेला. हेन्सली नाव, चोइसूल बेटाचा. तिशीचा असेल, जाड चष्मा, पायात एवढे जड बूट की वाटलं डोंगरच खाली दाबायला आलाय. मला पाहताच म्हणाला, "मावशी, तुम्ही चप्पल घालणार नाही?"

मी म्हटलं, "मी तुझी मावशी नाही. आणि पायाला दिसतं मला. तुझे पाय आंधळे करून ठेवलेस, तू सांभाळ."

ओढ्यातून वर नेला त्याला, गरम पाण्याच्या वाटेने. पहिल्या वळणावर पडला. दुसऱ्या वळणावर पडला. तिसऱ्या वळणावर मी त्याची पेटी काढून डोक्यावर घेतली, कारण त्याचं काही झालं तर दुसरा मिळेल, पेटीवर सरकारचा शिक्का होता. पेटी गेल्यावर चांगला चालायला लागला. बोलतोही बरा. वर तोंडाशी पोचलो तर वाफ अशी निघत होती, जसं खाली कुणी शंभर घरांचा स्वयंपाक मांडलाय. तो कड्यावर उभा राहिला, चष्म्यावरची वाफ पुसली. मग म्हणाला, "मी पुस्तकात सात डोंगर शिकलो. हा असा असेल असं नव्हतं वाटलं."

मला काय झालं माहीत नाही, छाती अशी भरून आली जसं तो डोंगर अंड्यासारखा मीच घातलाय. मी म्हटलं, "हा झोपलेला आहे म्हणून असा आहे. उठला तर तुझं पुस्तक पण उठेल." वाफेच्या भोकात रताळी पुरली होती, पानात गुंडाळून. तो काच लावलेल्या नळीकडे बघत होता तोवर शिजली. पाच खाल्ली त्याने. मोजत नव्हते, पण पाच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी बेटाच्या कडेकडेने फिरवला. ओहोटीला काळ्या वाळूत जिथे जिथे चटका बसतो त्या सगळ्या जागा मला विचारत होता. मी आधी पाय ठेवून सांगायचे, मग तो नळी खुपसायचा. म्हणायचा, "बरोबर." पुन्हा पुढे, "बरोबर." दहाव्या वेळी मी म्हटलं, "मग ही नळी कशाला आणलीस, मलाच पेटीत घालून न्यायचं." हसला आणि म्हणाला, "साहेब ऐकणार नाहीत, नाहीतर नेलं असतं."

शेवटी अंड्यांच्या रानात आलो. तो म्हणाला, पक्ष्यांना किती ऊब लागते ते मोजायचंय. मी तुझ्या पट्ट्यात आडवी झाले, हात खांद्यापर्यंत घातला. म्हटलं, इथे अंड्याची ऊब आहे, हातभर खाली अजून चांगली आहे, आणि समुद्राकडे जरा जास्त होते, तिथे पक्षी अंडं घालणार नाही. त्याने तिन्ही जागी नळी घातली, वहीत लिहिलं आणि वही बंद करून माझ्या हाताकडे बघत राहिला. म्हणाला, "हे कुणी शिकवलं?"

"आईने. ती आमच्याहून चांगली होती."

"आणि तुमच्या बहिणीला?"

"तिलाही येतं. माझ्याएवढं नाही." (येतं तुला. माझ्याएवढं.)

मग तो माझ्या पट्ट्यात गेला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. नळी घातली, काढली, पुन्हा घातली. चार ठिकाणी. म्हणाला, "इथे ऊब नाहीच. वाळू गार आहे." मग मागे जाऊन झऱ्याची जागा बघितली, जिथे आपण लहानपणी आंघोळ करायचो. कोरडी आहे ती आता. तो म्हणाला, सहा वर्षांपूर्वी जानेवारीत जो भूकंपाचा धक्का बसला होता, त्यात खालची वाट बदलली असणार. गरम पाणी इकडून बंद झालं आणि ओढ्याकडे वळलं. पक्षी उबेच्या मागे गेले. एवढंच.

एवढंच म्हणे.

त्याने विचारलं, "तुमची वाळू गार पडली हे तुम्हाला कधी कळलं?"

मी म्हटलं, "आठवत नाही."

पुढे काही लिहीत नाही. पाऊस आलाय, चूल बघायची आहे.

नेस्टा


सावो, ४ एप्रिल

रोझिना,

हेन्सलीचा कागद आला, टाईप केलेला, शिक्का मारलेला. त्यात नकाशा आहे, त्यावर तुझा पट्टा लाल आणि माझा निळा. खाली माझं नाव आहे, वाट दाखवणारी म्हणून, पूर्ण नाव. एल्वीनाला दाखवलं नाही. कुणालाच दाखवलं नाही. पिठाच्या डब्यात ठेवलाय.

मामा काल म्हणाला, "नेस्टा, ईस्टर झाला की पट्टा तुझा. आता तरी तुझ्या हाताला पुन्हा अंडी लागतील. तुझ्या आईला बरं वाटेल." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. मी काही बोलले नाही. तुला माहीत आहे मी गप्प बसते तेव्हा काय असतं.

येणार असशील तर बोट गुरुवारी सुटते.

नेस्टा


सावो, २४ एप्रिल

रोझिना,

बैठक झाली. तू आली नाहीस. आता जे झालं ते माझ्याकडून ऐक, नाहीतर बोटीवरचे लोक तिखटमीठ लावून सांगतील आणि माझ्या वाटचं चांगलं तेवढं गाळतील.

प्रार्थना झाल्यावर सगळे चर्चच्या अंगणात बसले, मी तुझ्यावर आळ घेतला होता त्याच झाडाखाली. मामाने सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाला, "रोझिनाचा हात सहा वर्षं वाळूत नाही. पट्टा नेस्टाला द्यायचा असं माझं मत आहे. कुणाला काही बोलायचंय?" कुणाला काही बोलायचं नव्हतं. सगळ्यांना जेवायला जायचं होतं.

मी उठले आणि म्हटलं, "मला बोलायचंय. पण इथे नाही. उठा सगळे, रानात चला."

मामा म्हणाला, "नेस्टा, ऊन आहे."

"वाळूला ऊन लागत नाही मामा, तुम्हालाच लागतं. टोपी घाला."

सगळे आले, कुरकुरत आले. मी एकेकाला माझ्या पट्ट्यात आडवं पाडलं. एल्वीनाला पण, तिचा रविवारचा झगा होता तरी. म्हटलं, घाला हात. मग तुझ्या पट्ट्यात नेलं, आता इथे घाला. पोरं हसायला लागली, कारण वाळूत निम्मं गाव ओळीने पालथं पडलं होतं. मग हळूहळू हसू थांबलं. ज्यांच्या हाताला वाळू कळते त्यांना कळलं. मामा ऐंशीचा, दोघांनी धरून त्याला झोपवला. खांद्यापर्यंत हात घातला त्याने, डोळे मिटले. मग म्हणाला, "ही तुझ्या आईची जागा गार आहे."

मी म्हटलं, "गारच आहे. जानेवारीतल्या धक्क्यानंतर ऊब ओढ्याकडे गेली आणि पक्षी तिच्या मागे गेले. रोझिनाने पान पुरलं नाही, चुना लावला नाही, काही केलं नाही. मी खोटं बोलले."

एल्वीना म्हणाली, "खोटं कसं, तुला तेव्हा कुठे माहीत होतं? तो सरकारी माणूस आला तेव्हा कळलं ना."

बघ, तिने दार उघडून दिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती बाई माझ्या बाजूने बोलली. मी हो म्हटलं असतं तर सगळे घरी गेले असते, मला कुणी काही म्हटलं नसतं. पट्टा तरीही तुझाच राहिला असता आणि माझं नावही राहिलं असतं.

मामाने वाळूत पडल्यापडल्या विचारलं, "नेस्टा, तुला कधी कळलं?"

मी म्हटलं, "धक्क्यानंतर दोन दिवसांनी. सकाळी हात घातला तेव्हा. त्याच क्षणी कळलं."

कळलं होतं, रोझिना. तुझ्यासमोर नाही, गावासमोर सांगितलं, आता तुला लिहिते. आपल्या आईच्या हाताची मुलगी आहे मी. वाळू गार पडली आणि मला कळलं नाही असं होईल का? आईने मरताना मोठा पट्टा मला दिला, थोरली म्हणून, आणि तो सगळ्यात ऊबदार होता. आख्ख्या बेटावर त्याचं नाव होतं. तो गार पडला हे माझ्या तोंडातून निघेना. मी रोज सकाळी जायचे, हात घालायचे, उठायचे आणि लोकांना सांगायचे, ऊब चांगली आहे, पक्षीच कुठे जातात कळत नाही. दोन महिने सांगितलं. मग लोक विचारायला लागले, मग पक्षी जातात तरी कुठे. आणि मग तो ईस्टर आला. तुला चोर म्हणणं मला सोपं गेलं. माझी वाळू गार झाली म्हणणं जमलं नाही. आता जशी आहे तशी सांगितली.

एल्वीना झग्याच्या चुण्या नीट करायला लागली.

मामाला उठवून बसवला. त्याने केसांतली वाळू झटकली आणि निर्णय दिला. पट्टा रोझिनाचा, जोसेलिन आहे तोवर कुणी त्याचं नाव काढायचं नाही. नेस्टाने या वर्षी अंड्यांच्या रानात पाऊल ठेवायचं नाही, फक्त कूड बांधायचा, तोही बाहेरून. आणि ज्यांनी ज्यांनी तुझं पुडिंग परत केलं होतं त्यांनी आपलं आपण बघावं.

मी म्हटलं, "चालेल." त्याने विचारलं नव्हतं, तरी म्हटलं.

परत येताना मान खाली घालून चालेन असं वाटलं असेल तुला. नाही चालले. इतकी वर्षं मान वर ठेवायला जोर लावावा लागत होता. त्या दिवशी नाही लागला.

हेन्सलीचा कागद मामाच्या घरात भिंतीवर लावलाय. पिठाचे डाग पडलेत.

नेस्टा


सावो, ११ जून

रोझिना,

जोसेलिन उतरली. तू सांगितलं नाहीस की पाठवतेस. मी बंदरावर नारळ विकत उभी होते आणि बोटीतून माझ्या आईसारखी चालणारी एक पोर खाली आली. माझ्या हातातला नारळ पाण्यात पडला. कुणी बघितलं नाही.

माझ्याशी बोलत नाही ती. मी म्हटलं, "चल घरी." ती म्हणाली, "आई म्हणाली आहे, मावशीचं तोंड बघायचं नाही. वाळू बघायची आणि परत यायचं."

मी म्हटलं, "मग पाठ करून जेव. पण जेव." पाठ करून जेवली. दोन वेळा घेतलं. नारळाच्या दुधातलं मासळीचं कालवण तुला आठवतं की नाही माहीत नाही, तिला आवडलं, पाठ हलत होती.

सकाळी रानात गेली. मला आत जायची बंदी, मी कुडाबाहेर उभी. बाकीच्या बायका गोळा झाल्या, कारखान्याच्या गावची पोर काय करते बघायला. एल्वीना म्हणाली, "फावडं देऊ का गं तुला?" जोसेलिनने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. वाळूत आडवी झाली, हात बगलेपर्यंत. मी श्वास धरला होता, खोटं कशाला सांगू. तुम्ही गेलात तेव्हा नऊ वर्षांची होती, आणि तिकडे कारखान्याच्या फरशीवर ही गोष्ट कोण शिकवणार? मग ती हात न काढता म्हणाली, "इथे ठीक आहे. पण ऊब सरकतेय. समुद्राकडे. पुढच्या वर्षी कूड चार पावलं तिकडे घ्यायला लागेल."

हेन्सलीच्या नळीला हे कळलं नव्हतं. मलाही मार्चमध्ये नव्हतं कळलं. मी मामाला पाठवलं, म्हाताऱ्याने पुन्हा आडवं होऊन बघितलं आणि म्हणाला, "पोर म्हणते तसंच आहे." मग मी एल्वीनाकडे बघितलं. नुसतं बघितलं. बराच वेळ.

म्हणजे तू शिकवलंस. तिथे, माझ्यावर रागावून, कुठल्या वाळूत शिकवलंस देवाला माहीत. माझ्यापेक्षा चांगलं शिकवलंस. हे मी एकदाच लिहिणार आहे, जपून ठेव.

बंद पडलेल्या पट्ट्याचं पहिलं अंडं घराण्यातल्या थोरल्या बाईला द्यायचं असतं. ती बाई मी. जोसेलिन कुडावरून हात बाहेर काढून उभी राहिली, अंडं तळहातावर, तोंड दुसरीकडे. कोमट होतं, मातकट गुलाबी, मुठीत मावेना एवढं. मी घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "हे माझं नाही. हे रोझिनाकडे जाईल." मामा म्हणाला, रीत अशी नाही. मी म्हटलं, आजपासून अशी आहे. तो अजून कुरकुरतोय.

डोंगरावरच्या वाफेत उकडलं आहे, मी स्वतः वर नेऊन. पानात गुंडाळून जोसेलिनच्या पिशवीत ठेवलंय, तिच्या कपड्यांच्या मध्ये. मीठ वेगळं बांधलं आहे.

माझ्यावर राग असेल तर असू दे, तो तुझा आहे, मी काही मागत नाही. अंड्यावर काढू नकोस. ते तुझ्या वाळूतलं आहे. खा.

नेस्टा